चौथ्या नळीचे चाचा

आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात एक बोटभर बाटली असायची. तिच्यावर नुसतं ‘चाचा’ एवढंच लिहिलेलं. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, कुणीतरी डोळ्यात घालायचं औषध गार राहावं म्हणून ठेवलंय. त्यात औषध नव्हतं, चाचांचं रक्त होतं. म्हणजे रक्तातला वरचा पिवळसर भाग, ज्याला आम्ही सीरम म्हणतो. आणि स्वतः चाचा तिथेच खिडकीजवळ, चष्मा कपाळावर सरकवून, नळ्या उजेडाला धरून बघत बसलेले असायचे.

इस्माईल नदाफ हे त्यांचं नाव. मिरजेतल्या त्या लॅबमध्ये ते डॉक्टरांच्याही आधीपासून होते, असं डॉक्टरच सांगायचे. डिप्लोमा करून मी तिथे लागले तेव्हा चाचांच्या दाढीत काळा केस शोधावा लागत होता. बुटके, पोट थोडं सुटलेलं, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. मला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “दूध उकळून पितीस न्हवं?” मी हो म्हटलं. “मग चालतंय,” म्हणाले आणि मला काम दाखवायला घेऊन गेले.

दुधाचा त्यांना ध्यासच होता, कारण ब्रुसेला. शेळ्या, गाई, म्हशी यांच्याकडून माणसाला होणारा हा आजार. कच्च्या दुधातून होतो, जनावर विताना हात घालणाऱ्याला होतो. संध्याकाळी ताप चढतो, अंथरूण भिजेल इतका घाम येतो, सांधे आणि कंबर धरते, आणि हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. रोगी बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. आमच्याकडे कवठे महांकाळ, जत भागातून शेरडं राखणारी माणसं यायची ती सगळीकडे फिरून, थकून. त्यांच्या रक्तात या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का आणि किती, हे शोधणं हे चाचांचं खास काम.

ते करायचं कसं, हे त्यांनी मला दुपारच्या चहाच्या वेळी शिकवलं. नळ्यांची एक ओळ लावायची. पहिल्या नळीत सीरम दाट, दुसरीत त्याच्या निम्मं, तिसरीत त्याच्याही निम्मं, असं पातळ करत जायचं. प्रत्येक नळीत मेलेल्या जंतूंचं सारखंच पाणी घालायचं आणि दोन दिवस उबेच्या कपाटात ठेवायचं. अँटिबॉडी असतील तर त्या जंतूंना धरून खाली बसवतात आणि नळीतलं पाणी निवळतं. नसतील तर नळी गढूळच राहते. किती पातळ केल्यावरही नळी निवळते, त्यावरून रक्तात अँटिबॉडी किती ते कळतं.

एकदा धनगर समाजातली एक बाई आली होती. वर्षभर ताप, उठवत नाही, बसवत नाही. मी घाईत चारच नळ्या लावल्या. दोन दिवसांनी पहिल्या तिन्ही गढूळ, चौथीत काय ते नीट कळेना. मी ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळी झाले. चाचांनी रिपोर्टवर सही करायच्या आधी विचारलं, “फुडं कुठवर लावल्यास?”

“पहिल्याच गढूळ आहेत चाचा, पुढं पातळ करून काय मिळणार?”

त्यांनी स्वतः दहा नळ्या लावल्या. दोन दिवसांनी बघितलं, तर पहिल्या तीन गढूळच राहिल्या होत्या आणि चौथीपासून नववीपर्यंत पाणी आरशासारखं. मी बघतच राहिले.

“अगं, अँटिबॉडी लय झाल्या की पयल्या नळ्यांत दाटी व्हती,” ते म्हणाले. “दाटीत कुणाला कुणाचा हात धरता येत न्हाई. जरा पातळ केलं, की धरत्यात. ती बाई कवठ्यासनं एसटीनं उभ्यानं आलीया. तिला चार नळ्यांत घरी धाडू नगंस.”

रागावले नाहीत. ते रागावत नसत, हीच त्यांची अडचण होती. रागावले असते तर माणूस भीतीनं तरी सगळं सांगत गेला असता.

रिपोर्ट नुसता हातात द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. आमच्या डॉक्टरांना ते फारसं पसंत नव्हतं, पण चाचा काउंटरवर जाऊन रोग्याशी बोलायचेच. संध्याकाळी कापरं भरतं का, कंबर कुठं दुखते, घरात शेरडं किती, त्यातली गाभडलेली, म्हणजे दिवस भरायच्या आत पिल्लू टाकलेली, किती. डेंग्यूच्या दिवसांत तर त्यांना नवीनच उद्योग लागला. शेळीचं कच्चं दूध प्यायलं की पेशी वाढतात असं सगळ्या शहरानं ठरवून टाकलं होतं आणि लोक स्टीलचे डबे घेऊन शेळीवाल्यांच्या मागे लागले होते. चाचा लॅबला येता येता त्यांना रस्त्यात गाठायचे. “पी की, पण उकळून पी. न्हाईतर डेंग्यूतनं वाचशीला आन्‌ सहा म्हैन्यांनी माझ्याकडं येशीला.” लोक हसायचे. एकानं सरळ तोंडावर सांगितलं, “उकळल्यावर त्यात ताकद ऱ्हात न्हाई चाचा.” चाचा त्या दिवशी जेवले नीट नाहीत, एवढं त्यांना लागलं.

आता त्या बाटलीचं सांगते. असली टेस्ट लावताना शेजारी एक खात्रीचं रक्त लावावं लागतं, ज्यात अँटिबॉडी आहेत हे आधीच माहीत आहे असं. ते ठरलेल्या नळीपर्यंत निवळलं तर त्या दिवशीचं सगळं काम बरोबर. त्याला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात. आता कंपन्यांच्या तयार बाटल्या येतात. आमच्या लॅबमध्ये पहिल्यापासून चाचांचंच रक्त. तरुणपणी त्यांना हा आजार झाला होता, घरच्या शेळ्यांमुळे. औषधानं बरे झाले, पण रक्तात अँटिबॉडी राहून गेल्या. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी चाचा बाही वर करायचे आणि म्हणायचे, “काढ गं, बाटली सपत आली.” त्यांचं रक्त बरोबर चौथ्या नळीपर्यंत निवळायचं. कधी इकडचं तिकडे नाही. डॉक्टर कौतुकानं म्हणायचे, आमच्या लॅबमध्ये मशीन बिघडेल, चाचांचं रक्त बिघडणार नाही.

या बाटलीचा त्यांना कोण अभिमान. साताऱ्याचे एक रिटायर्ड सुभेदार नातेवाइकांकडे मिरजेला आले असताना तपासणीत थोडे पॉझिटिव्ह निघाले. ताप नाही, घाम नाही, रोज पहाटे चार मैल चालणारा माणूस. पण कागदावर ‘पॉझिटिव्ह’ वाचून त्यांचा धीर सुटला होता आणि औषध द्याच म्हणून ते हटून बसले. चाचांनी फ्रीजमधून आपली बाटली आणून त्यांच्यापुढे धरली.

“सायेब, हे माझं. मी रोजच पॉझिटिव्ह हाय. रक्तात खूण ऱ्हाती. ही खूण हाय, आजार न्हवं. मानूस बघायचा, नळी मागनं.”

सुभेदारांनी बाटलीकडे बघितलं, चाचांकडे बघितलं आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. चाचा पुढे आठवडाभर ती गोष्ट सांगत होते आणि प्रत्येक वेळी सॅल्यूट जरा जास्त जोरात होत होता.

इतकी वर्षं खूण टिकते कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. चाचा दर रविवारी कवठे महांकाळजवळच्या गावी भावाकडे जायचे. भावाकडे तीस-एक शेरडं. त्यांच्यात वावरतात, म्हणून अँटिबॉडी टिकत असतील, असं आम्ही समजून चालायचो. एका सोमवारी ते आले ते हसतच. शेळी अडली होती, करडू आडवं आलेलं, चाचांनी स्वतः हात घालून सोडवलं होतं.

“हातमोजे घातले होते का?” मी विचारलं.

“मोजे हितं लॅबमधी. शेळी थांबती व्हय मोज्यासाठनं?” ते म्हणाले. “दोनी जगली बघ, माय आन्‌ लेकरू.”

सगळ्या तालुक्याला हातमोजे सांगणारा हा माणूस. मी हसले. सगळेच हसलो.

त्याच सुमारास त्यांनी कंट्रोल लावायचं काम माझ्यावर सोपवलं. “आजपासनं माझं रक्त तुझ्या हवाली,” असं सगळ्यांसमोर म्हणाले. मला त्याचा किती आनंद झाला होता! त्यानंतर त्यांनी कंट्रोलची ओळ कधी तपासली नाही. माझ्यावर टाकलेलं काम पुन्हा तपासणं म्हणजे माझा अपमान, असं त्यांच्या मनात असणार.

त्यानंतरच्या नव्या बाटलीनं पाचव्या नळीपर्यंत पाणी निवळलं. मला वाटलं, माझंच मोजताना काही चुकलं. पुन्हा लावलं, पुन्हा पाचवी. कंट्रोल ठरलेल्या नळीच्या पुढे गेला की नियमानं त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट थांबवावे लागतात. बाहेर माणसं बसलेली, डॉक्टर सारखे आत-बाहेर करणारे. मी काय केलं? चाचांच्या सीरममध्ये तेवढंच सलाईन घातलं. निम्मं पातळ झालं आणि पाणी बरोबर चौथ्या नळीवर आलं. सगळं सुरळीत. तीन महिन्यांनी पुढची बाटली सहाव्या नळीवर गेली, मी सलाईन वाढवलं. त्यापुढची सातव्या. मी आणखी वाढवलं. हे रजिस्टरमध्ये कुठेही लिहिलं नाही. रजिस्टरमध्ये पानामागून पान एकच होतं: कंट्रोल, चौथी नळी, बरोबर.

हे सगळं मी काही लपवावं म्हणून केलं नाही, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. पण ते खरं नाही. आपल्याला साधं मोजता येत नाही असं चाचांना वाटेल, ही भीती होती. त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला. त्या नजरेपायी त्यांच्याच रक्तात काय चाललंय ते मी त्यांच्यापासून झाकून ठेवलं.

आणि चाचा तर डोळ्यांदेखत बदलत होते. दुपारी चारनंतर कॉलरखाली रुमाल घालून बसायचे, तो ओला झाला की दुसरा. स्टुलावर बसवेना म्हणून उभ्यानं काम करू लागले. मग उबेच्या कपाटाला पाठ लावून उभं राहायची सवय लागली. त्या कपाटाची ऊब कमरेला बरी वाटते म्हणायचे. आम्ही थट्टा करायचो, “चाचा, तुम्हालाच दोन दिवस आत ठेवू का? निवळाल!” तेही हसायचे. पण काउंटरवर जाणं कमी झालं होतं. शेळीच्या दुधावरून कुणाशी भांडणं बंद झालं होतं. वय झालं, असं आम्ही म्हणालो. तेही तेच म्हणाले.

एकदाच मी विचारलं, “चाचा, ताप येतो का हो तुम्हाला?”

“येतो जरा. ह्या कपाटापाशी हुबं राहून कुनाला येनार न्हाई?” म्हणाले आणि विषय बदलला. मी सुटले असं मला वाटलं, हे मी कबूल करते.

पावसाळ्यानंतर एक दिवस ते खुर्चीतून उठूच शकले नाहीत. पाय जागेवर होते, पण कंबर उचलेना. त्यांची मुलगी रुबिना साताऱ्याला शाळेत शिकवते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, तेव्हा तीच येऊन त्यांना घेऊन गेली. तिथे फोटो काढला तर कमरेचे दोन मणके कुरतडल्यासारखे झालेले. आपल्याकडे मणका असा दिसला की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तसंच झालं. टीबीची औषधं सुरू झाली. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं ब्रुसेलाचंही विचारलं होतं म्हणे. पण चाचांनीच त्याला समजावून सांगितलं, ती टेस्ट माझी कायम पॉझिटिव्हच येते, ती जुनी खूण आहे, तिच्या नादाला लागू नका. आणि चाचांइतकं ब्रुसेलातलं कळणारा माणूस त्या अख्ख्या दवाखान्यात नव्हता. डॉक्टरनं ऐकलं.

असे पाच महिने गेले. कंबर सुधारेना. शेवटी त्या डॉक्टरनं हट्टानं रक्त काढून आमच्याकडेच पाठवलं. कुरिअरच्या डब्यातून नळी आली, तिच्यावर ‘चाचा’ नव्हतं. इस्माईल नदाफ, पुरुष, असं पेशंटसारखं नाव होतं. मी ते सीरम एका थेंबाचंही सलाईन न घालता लावलं, बारा नळ्यांत. दोन दिवसांनी कपाट उघडलं. अकराव्या नळीपर्यंत पाणी निवळ होतं.

मग मी दुसरी टेस्ट लावली. जुनी खूण कोणती आणि चालू आजार कोणता, याचा बऱ्यापैकी अंदाज देणारी एक जादा टेस्ट असते. चाचा ती शेकडो लोकांची करायचे. स्वतःची त्यांनी कधी केली नव्हती आणि आम्हीही कधी केली नव्हती. आजार चालू होता. माझ्या बाटल्यांचा हिशेब धरला तर निदान वर्षभर तरी चालू होता. जुना उलटला होता की त्या अडलेल्या शेळीपासून नव्यानं आला होता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

रिपोर्टवर सही करून मी तो डॉक्टरांकडे नेला. मी त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “हे बाहेर कुठे बोलू नका.” मला वाटलं होतं ते ओरडतील.

योग्य औषधं सुरू झाली, ताप गेला, घाम गेला. मणके मात्र गेले ते गेलेच. चाचा पुन्हा लॅबमध्ये आले नाहीत.

मी त्यांना भेटायला साताऱ्याला गेले ते दोन महिन्यांनी. आधी धीरच झाला नाही. रुबिनाचं घर दुसऱ्या मजल्यावर. चाचा पाठीला पट्टा बांधून खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. निम्मे झाले होते. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मी आल्या पावली परत जावं की काय, असं मला वाटलं. लॅबचं विचारलं, नव्या मशीनचं विचारलं. रुबिना चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी बोलून टाकलं. पाचवी नळी, सहावी नळी, सातवी, सलाईन, रजिस्टर. सगळं.

ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे तुला दिसलं हुतं.”

“हो.”

“पाचवीलाच दिसलं हुतं?”

“हो, चाचा.”

त्यांनी मान हलवली. “मला वाटत हुतं, कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. माझ्या सुदिक न्हाई, मग पोरींच्या कुटलं येनार. असं मनाला सांगून बसलो हुतो मी गं. बरं वाटत हुतं त्येनं.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. मी रडायला लागले. आपलं मन हलकं करायला मी सव्वाशे किलोमीटर आले होते, आणि या माणसाकडे जी एक समजूत उरली होती, ती काढून घेऊन निघाले होते. हे मला तिथं, बोलून झाल्यावर कळलं. रुबिना चहा घेऊन आली. चाचा तिला म्हणाले, “तिला बिस्किटं दे, लांबनं आलीया.” त्यानंतर ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. पावसाचं बोलले, रुबिनाच्या शाळेचं बोलले.

निघताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढला.

रुबिना खालपर्यंत सोडायला आली. जिन्यात म्हणाली, “अब्बांना तुम्ही आलात ते फार बरं वाटलं असणार. आता दोन-तीन मिनिटांवर उभं राहवत नाही त्यांना, नाहीतर ते स्वतः खाली आले असते.”

आम्ही रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत थांबलो. मी सहज वर बघितलं. चाचा गॅलरीत आले होते. एका हातानं कठडा धरलेला, दुसरा हात कमरेवरच्या पट्ट्यावर. कंबर वळवता येत नव्हती म्हणून अख्खे माझ्याकडे वळून उभे होते. मी हातानं ‘बसा, आत जाऊन बसा’ अशी खूण केली. रुबिनानं खालून हाक मारली. ते हलले नाहीत.

रिक्षा मिळायला पंधरा मिनिटं लागली. तोवर चाचा उभे होते.